ठिपका कोणाच्या खात्यावर?

एखाद्या फोर-के मॉनिटरवर सोळा ठिपके कायमचे पेटलेले, सोळा कायमचे विझलेले आणि चाळीसेक ठिकाणी लाल, हिरवा किंवा निळा रंग अडकून बसलेला असला, तरी कागदोपत्री तो मॉनिटर सदोष ठरेलच असे नाही. आयएसओ 13406-2 या 2001 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातून हा आकडा साध्या गुणाकाराने निघतो. त्या मानकाने सपाट पडद्यांचे चार वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गात एकही सदोष पिक्सेल चालत नसे. पण घराघरांत आणि कचेऱ्यांत जाणारे मॉनिटर बहुतेक उत्पादकांनी दुसऱ्या वर्गात बसवले. त्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत पेटलेले, दोन सतत विझलेले आणि पाच उपपिक्सेलचे, म्हणजे पिक्सेलमधल्या एखाद्या रंगाच्या भागाचे, दोष मान्य होते.

मानक आले तेव्हा टेबलावरचा सपाट पडदा म्हणजे पंधरा इंची, 1024 बाय 768 चा. त्यावर एकूण पिक्सेल 7,86,432. तिथे या नियमाचा अर्थ एखाददुसरा ठिपका एवढाच होता. फुल एचडी पडद्यावर 20,73,600 पिक्सेल असतात, फोर-केवर 82,94,400. नियमाचे एक अक्षरही न बदलता सवलत दहापट झाली. 2008 मध्ये आयएसओ 9241-307 ने जुन्या मानकाची जागा घेतली, वर्गवारीत फेरफार झाले, पण दर दहा लाखांमागे मोजण्याची रीत राहिली.

उत्पादकांचे यावर उत्तर असे की पिक्सेलही बारीक झाले. ते खरे आहे. चोवीस इंची फुल एचडी पडद्यावर एक पिक्सेल साधारण 0.277 मिलिमीटरचा असतो, सत्तावीस इंची फोर-केवर 0.155 मिलिमीटरचा. पडद्याचा किती भाग बिघडलेला, असे विचारले तर प्रमाण तेवढेच राहते. पण डोळा क्षेत्रफळ मोजत नाही. काळ्या पडद्यावर एक लाल कण पेटलेला असला की नजर तिथेच जाते, आणि एकदा गेली की रोज जाते.

पडद्यात दोष राहतो, याबद्दल कारखान्याला दोष देण्यात अर्थ नाही. राग यायला हवा तो दुसऱ्याच गोष्टीचा. किती ठिपके चालवून घ्यायचे हे कारखान्याला ठाऊक असते, ज्याचे नाव खोक्यावर आहे त्या कंपनीला ठाऊक असते. पैसे मोजणाऱ्याला मात्र ते खोका उघडल्यावर कळते, आणि पुष्कळदा परत करण्याची मुदत उलटल्यावर. दोषाची जोखीम अशी गुपचूप शेवटच्या माणसाच्या खात्यावर टाकली जाते. ती तिथून हलवणे अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही.

आधी हा ठिपका येतो कुठून ते पाहू. एलसीडी पडद्याचा प्रत्येक पिक्सेल तीन उपपिक्सेलचा बनतो, लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक उपपिक्सेलमागे काचेवर कोरलेला एक ट्रान्झिस्टर असतो. फोर-के पडद्यावर असे 2,48,83,200, म्हणजे जवळपास अडीच कोटी ट्रान्झिस्टर. हे पडदे मोठ्या काचेवर एकत्र बनवून मग कापले जातात. ज्या कारखान्यांना साडेआठव्या पिढीचे म्हणतात, तिथली एकेक काच 2200 बाय 2500 मिलिमीटरची असते. स्वच्छ खोलीतही एखादा धुळीचा कण निसटतो, एखादा जोड तुटतो, एखादी तार शेजारच्या तारेला चिकटते. आयपीएस प्रकारच्या पडद्यात विद्युतदाब नसला की पिक्सेल काळा राहतो, म्हणून ट्रान्झिस्टर मेला की ठिपका सहसा काळा दिसतो. जुन्या टीएन प्रकारच्या पडद्यांत उलट होते, तिथे तो पांढरा पेटून राहतो.

कारखान्यात या दोषांवर इलाजही होतो. पेटून राहिलेला पिक्सेल तपासणीत सापडला, तर लेसरने त्याला कायमचा विझवतात, कारण काळा ठिपका कमी खटकतो. यात लबाडी नाही. अख्खी काच फेकून देण्यापेक्षा ते शहाणपणाचेच. पण कंपन्यांची धोरणे पेटलेल्या ठिपक्याला कडक आणि विझलेल्याला सैल का असतात, याचा उलगडा इथे होतो. पांढऱ्या पानावर दिवसभर काम करणाऱ्याला हा क्रम उलटा वाटणे साहजिक आहे.

देवनागरी मजकूर जुळवणाऱ्यालाच विचारावे. मासिकाचे किंवा पुस्तकाचे पान पडद्यावर मूळ आकारात उघडले की बारीक टायपातला अनुस्वार दोनेक पिक्सेलच्या जागेत मावतो. पान वर सरकते, आणि मेलेला पिक्सेल कधी 'वाचने'च्या शेवटी बसून त्याचे 'वाचनें' करतो, कधी 'पाठवा'तल्या 'ठ'वर जाऊन बसतो. मुद्रितशोधक ती जागा मोठी करून पाहतो, तर ठिपका भलतीकडे. असे दिवसातून अनेक वेळा होते. हाच ठिपका सिनेमा पाहणाऱ्याला वर्षभर दिसणार नाही. दोष किती मोठा हे पडद्यावर काय काम चालते यावर ठरते, आणि हे काम काय आहे ते कंपनीच्या तक्त्याला माहीत नसते.

मग एकही ठिपका नसलेलेच पडदे विकावेत, असा कायदा का करू नये? कारण त्याची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागेल. मॉनिटरच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पॅनेलचा असतो. एका ठिपक्यासाठी प्रत्येक पॅनेल बाद केले, तर बाद मालाचा भार उरलेल्या मालावर चढेल आणि हिशेबाच्या वहीसाठी स्वस्त मॉनिटर घेणाऱ्या दुकानदाराला विनाकारण जास्त पैसे पडतील. ज्याला ठिपका चालतो त्याला असा मॉनिटर कमी दरात मिळावा, यात गैर काही नाही. फक्त तो ठिपका आहे, किंवा असू शकतो, हे त्याला पैसे देण्याआधी कळायला हवे.

आणि कंपन्यांना हे जमते, याचे दाखले आहेत. 2004-05 च्या सुमारास सॅमसंगने दक्षिण कोरियात जाहीर केले की मॉनिटरवर एक सदोष पिक्सेल आढळला तरी तो बदलून मिळेल. ज्या बाजारात ग्राहक आवाज चढवतो आणि शेजारी प्रतिस्पर्धी उभा असतो, तिथे धोरण बदलते. डेलने अल्ट्राशार्प मालिकेसाठी वॉरंटीच्या काळात एक जरी पेटलेला पिक्सेल दिसला तर पॅनेल बदलून देण्याची हमी दिली. असूसने काही मॉडेलवर अशीच 'झीरो ब्राइट डॉट' हमी ठेवली. या हमीची जाहिरात करून महागडे मॉनिटर विकले जातात, म्हणजे तिला बाजारात किंमत आहे. मग जिथे हमी नाही तिथे 'हमी नाही' हेही तेवढ्याच ठळकपणे छापायला काय हरकत आहे?

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. 2004 मध्ये निन्टेन्डो डीएस हे हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आले तेव्हा मृत पिक्सेल हे अशा पडद्यांचे नेहमीचे लक्षण आहे, काही आठवडे खेळून पाहा, तरीही खटकले तर मग कळवा, असा सल्ला कंपनीने ग्राहकांना दिला होता. अनेक विक्रेत्यांची परत घेण्याची मुदत काही आठवड्यांचीच असते. सल्ला पाळणाऱ्याची ती मुदत थांबण्यातच संपण्याची भीती होती.

आकडे छापले तरी ते कसे छापले जातात हेही पाहावे लागते. फिलिप्सच्या अनेक मॉनिटरच्या पुस्तिकेत पिक्सेल दोषांचे धोरण चित्रांसह दिलेले असते, आणि या बाबतीत ती कंपनी इतर अनेकांपेक्षा उघड आहे. त्यात उदाहरणादाखल एक वाक्य येते, की 0.0004 टक्क्यांहून अधिक उपपिक्सेल सदोष असू नयेत. वाचणाऱ्याला वाटते, हे तर शून्यच. फुल एचडी पडद्यावर 62,20,800 उपपिक्सेल असतात; त्यांचे 0.0004 टक्के म्हणजे जवळपास पंचवीस. त्याच पुस्तिकेच्या तक्त्यातली मर्यादा याहून बरीच कमी असते, म्हणजे ग्राहकाच्या हिताचा आकडा तक्त्यात आहे आणि समजूत घालणारा आकडा मजकुरात. टक्केवारीने इथे काहीच उलगडत नाही. 'पेटलेले किती, विझलेले किती' एवढे दोन पूर्णांक पुरतात.

भारतात नवा मॉनिटर घेणाऱ्याची वाट आणखी अरुंद होते. ऑनलाइन दुकानात मॉनिटरच्या पानावर पुष्कळदा 'सात दिवसांत बदलून मिळेल' असे असते. पैसे परत नाहीत. तेही कंपनीचा माणूस घरी येऊन पाहून गेल्यावर आणि त्याने माल येतानाच बिघडलेला होता असा शेरा दिल्यावर. सात दिवसांतले दोन-तीन त्या माणसाची वाट पाहण्यात जातात. तो येतो, पडद्याचा फोटो काढतो, वर पाठवतो. वरून उत्तर येते, की धोरणानुसार अमुक ठिपक्यांपर्यंत दोष धरला जात नाही. हे 'धोरण' विक्रीच्या पानावर कुठेच नसते. डिलिव्हरीवाल्यासमोर खोका उघडून घेण्याची सोय काही ठिकाणी असते, पण तिचा इथे उपयोग नाही. फुटलेली काच दारात दिसते. मेलेला पिक्सेल वीज जोडून, पडदा काळा-पांढरा करून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानातून घ्यावा, तर तिथला अनुभव वेगळा असेल असे वाटते. चांगला दुकानदार काउंटरवरच मॉनिटर लावून दाखवतो, पाच रंगांचे पडदे फिरवतो आणि मगच बिल करतो. अशी दुकाने आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक टिकून राहते. पण बहुतेक ठिकाणी संवाद ठरलेला. "साहेब, खोका उघडला की आमच्या हातात काही राहत नाही. कंपनीच्या टोल फ्रीवर कम्प्लेंट टाका." दुकानदार खोटे बोलत नाही. वितरक उघडलेला माल परत घेत नाही, आणि एका मॉनिटरवर सुटणाऱ्या थोड्याशा नफ्यात तो तोटा त्याच्याच अंगावर येतो. म्हणून ही लढाई दुकानदाराविरुद्ध लढणे चुकीचे आहे. साखळीत सर्वांत जास्त माहिती आणि सर्वांत जास्त नफा ज्याच्याकडे, त्यानेच उत्तर द्यायला हवे.

आणखी एक बारकावा मुदतीत दडलेला आहे. पहिल्या काही दिवसांत बदलून मिळणारा मॉनिटर नवा असतो. तीच तक्रार वॉरंटीत गेली की अनेक कंपन्यांच्या अटींनुसार बदली मॉनिटर दुरुस्त केलेला जुनाही असू शकतो. म्हणजे आठव्या दिवशी ठिपका सापडला तर नव्याचे पैसे मोजून दुसऱ्याने वापरलेला मॉनिटर पदरी पडतो. आधीचा ठिपका जातो आणि त्या मॉनिटरवर कोपऱ्यात प्रकाशाचा डाग निघतो, अशीही उदाहरणे घडतात. मग पुन्हा तोच फोन, तोच तक्रार क्रमांक.

युरोपीय संघात हे घडत नाही, असे नाही. पण तिथे ग्राहकाच्या हाती एक साधे हत्यार आहे. 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार दुरून, म्हणजे ऑनलाइन किंवा फोनवर, घेतलेल्या बहुतेक वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतात. ब्रिटनमध्येही दुरून केलेल्या खरेदीला चौदा दिवस आहेत, आणि वस्तू सदोष असेल तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने ती तीस दिवसांत नाकारता येते. तिथल्या माणसाला ठिपका मानकात बसतो की नाही यावर वाद घालावा लागत नाही. मॉनिटर आवडला नाही एवढे पुरते. अमेरिकेत असा देशव्यापी कायदा नाही. तिथे दुकानांची स्वतःची धोरणे चालतात आणि स्पर्धेमुळे ती बऱ्यापैकी उदार राहिली आहेत.

भारतीय कायदा काही दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या रुंद आहे: गुणवत्तेतली कोणतीही उणीव, जी कायद्याने, उघड किंवा गृहीत कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार नसायला हवी होती. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलावर कितीही ठळक छापले तरी सदोष मालाच्या बाबतीत ते कायद्यावर मात करू शकत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते, आणि परतीच्या, बदलीच्या, वॉरंटीच्या अटी ग्राहकाला आधी दाखवाव्या लागतात.

या शेवटच्या अटीवर बोट ठेवायला हवे. कंपनी म्हणते, पाच काळे ठिपके हा आमच्या करारानुसार दोषच नाही. ठीक आहे, पण तो करार ग्राहकाने कधी पाहिला? खोक्याच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बारीक अक्षरांत असलेली अट पैसे दिल्यानंतर हाती आली. तिला संमती कशी मानायची? जे दाखवले नाही ते बांधून टाकत नाही, ही भूमिका ग्राहकाने निःशंकपणे घ्यावी. ती न्याय्य आहे आणि कायद्याच्या रोखाशी जुळणारी आहे.

मात्र अठरा हजारांच्या मॉनिटरसाठी ग्राहक आयोगात जाणार कोण? कायद्याने वाट सोपी केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही. तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल द्यावा असे कायद्यात लिहिले आहे. पण ज्याला उद्या सकाळी काम सुरू करायचे आहे तो पाच महिने मॉनिटर बांधून ठेवू शकत नाही. तो ठिपक्याशी जुळवून घेतो. त्या शांतपणे गिळलेल्या तक्रारींवरच हे सगळे धोरण टिकून आहे, आणि म्हणून एकेकट्याच्या खटल्यांनी ते हलणार नाही.

हा मुद्दा महाराष्ट्राला नवा नाही. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि देशात ग्राहक संरक्षण कायदा व्हायला त्यानंतर 1986 उजाडले. किराणा, गॅस आणि बिल्डरांच्या करारापर्यंत ग्राहक चळवळीने मजल मारली. पडद्यांचा बाजार मात्र तिच्या नजरेत अजून पुरेसा आलेला नाही, कारण ठिपका म्हणजे हौशी माणसाची कुरकुर अशी समजूत आहे. आता ज्या घरात एक मूल ऑनलाइन शिकते, एक माणूस घरून नोकरी करतो आणि एक जण चित्रफिती जुळवून पोट भरतो, त्या घरात मॉनिटर हे कामाचे हत्यार आहे.

मागणी साधी असावी. मॉनिटरवर आज भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह लागते, पण ती नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची आहे. पडद्याच्या गुणवत्तेबद्दल ती काही सांगत नाही. खोक्यावर कमाल किंमत, उत्पादनाचा महिना, मूळ देश आणि तक्रारीचा पत्ता छापणे वेष्टित वस्तूंच्या नियमांनी सक्तीचे आहे. फ्रीजवर विजेच्या वापराचे तारे लागतात. त्याच रांगेत आणखी एक ओळ बसवायची: पेटलेले पिक्सेल किती चालतील, विझलेले किती, आणि मुदत किती दिवसांची, तीही माल हाती पडल्यापासून मोजलेली. ऑनलाइन पानावर ही ओळ किमतीच्या शेजारी यावी. 2019 च्या कायद्याखाली उभे राहिलेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण असे मार्गदर्शक नियम काढू शकते. ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविरुद्ध त्याने 2023 मध्ये काढलेच आहेत.

यावर आक्षेप येईल, की लोक गैरफायदा घेतील. चार मॉनिटर मागवतील, उत्तम तेवढा ठेवतील, तीन परत पाठवतील. असे करणारे आहेत, आणि परतीचा वाहतूक खर्च शेवटी सगळ्यांच्या किमतीत मिसळतो. पण लोक चार-चार मागवतात ते कशामुळे? कोणता पडदा कसा निघेल याचा अंदाजच नसतो, म्हणून. शून्य ठिपक्यांची हमी असलेला मॉनिटर दोन हजारांनी महाग आणि पाच ठिपके चालवणारा स्वस्त, असे दोन दर उघड लावले तर ज्याला जे हवे तो ते घेईल आणि परतीचे खोके कमी फिरतील. परत आलेला एक ठिपक्याचा मॉनिटर 'एक विझलेला पिक्सेल, वरच्या उजव्या कोपऱ्यात' असे लिहून कमी दरात विकला, तर त्यालाही गिऱ्हाईक आहे.

तोवर खरेदीदाराने आपले काम खोका उघडल्याच्या दिवशीच उरकावे. खोका उघडताना सलग चित्रफीत काढावी आणि खोका, थर्माकोल, पिशव्या मुदत संपेपर्यंत जपाव्यात. पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसून खोलीत अंधार करावा आणि काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच पडदे एकामागोमाग पूर्ण आकारात पाहावेत. काळ्यावर पेटलेला पिक्सेल दिसतो, पांढऱ्यावर मेलेला. अडकलेल्या रंगावर झपाट्याने रंग बदलणारी चित्रे काही तास चालवून पाहता येतात. कधी तो सुटतो. मेलेला ट्रान्झिस्टर त्याने जिवंत होत नाही. बोटाने दाबून पाहण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तरी पाळू नये, कारण दाबाने शेजारचे पिक्सेलही जातात आणि मग दोष ग्राहकाच्या माथी येतो. आणि ठिपका सरकताना दिसला, तर तो पिक्सेल नाही. पडद्याच्या उजेडावर आत शिरलेला बारीक किडा आहे. पडदा बंद करून बाजूला दिवा लावला तर तो बाहेर पडण्याची शक्यता असते. चिरडला तर तिथेच राहतो.

ठिपका सापडलाच तर फोनवर न बोलता लेखी तक्रार करावी, तारखेसह फोटो जोडावा आणि 'हे धोरण मला खरेदीआधी कुठे दाखवले होते' एवढा एकच प्रश्न विचारावा. ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याला 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. उत्तर आले नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे नोंदवलेली तक्रार एका मॉनिटरची असली तरी अशा तक्रारींची संख्या वाढली की प्राधिकरणासमोर मागणी मांडताना ग्राहक संघटनांच्या हाती काहीतरी ठोस राहील.